लोकशिक्षण कोणाचे?



थरच्या वाळवंटातील वन्यजीवांचा विषय निघाला की तेथील जनतेला शिक्षण दिले पाहिजे, असे तत्परतेने सांगितले जाते. परंतु शिक्षण कोणाला आणि कशाचे, हे आधी ठरले पाहिजे.

बिष्णोई समाजाच्या परंपरेनुसार १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली येथे राजाची माणसे खेजडीची झाडे तोडू लागली, तेव्हा अमृतादेवींसह ३६३ स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. ही स्मृती जपणाऱ्या प्रदेशाला निसर्गप्रेमाचे धडे देणे हा शहरी अहंकार होय.

जैसलमेर-बाडमेरमध्ये १९८० साली ३,१६२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय मरुउद्यान झाले. तो परिसर आज माळढोकाचा मुख्य आसरा आहे. महाराष्ट्रात नान्नजला १९७९ सालीच अभयारण्य झाले. तरी आज तेथे माळढोकाचे दर्शन दुर्मीळ आहे. केवळ सीमा आखून पक्षी वाचत नाही.

माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. देह जड, समोरची दृष्टी तोकडी. त्यामुळे विजेच्या तारा वेळीच न दिसून तो आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये तो सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे कामही चालू आहे. पण ती उद्या सोडावयाची कोठे?

याचे उत्तर ओरणांत आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले गावाचे सामाईक कुरण. तेथे झाड तोडले जात नाही. गुरे चरतात आणि पक्षीही जगतात. महसुली दप्तरात मात्र अशा अनेक जमिनी ‘पडीक’ ठरल्या आणि सौर प्रकल्पांना मोकळ्या झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवरायांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले. तो आदेश कागदावर राहू नये, हे पाहणे संघटित जनतेचे काम आहे.

सूर्याची वीज देशाला हवीच. तिची किंमत एकट्या मेंढपाळाने आणि मुक्या पाखराने का मोजावी?

म्हणून लोकशिक्षणाचा पहिला वर्ग तलाठ्याच्या दप्तरापुढे भरला पाहिजे. ओरणाची सीमा गावातील वृद्धांनी सांगावी, शाळेतील मुलांनी तिचा नकाशा काढावा, ग्रामसभेने २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये त्यावर दावा करावा. आणि दुसरा वर्ग शहरात भरावा. कारण दिवा तेथे लागतो, तार मात्र कुरणावरून जाते.