परराज्यात निलंबित झालेला परवाना

बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाट उतरणारा टेंपोचालक सीमाभागात सर्वांच्या परिचयाचा आहे. समजा, अशा एका चालकाचा परवाना गोव्याचा आहे आणि अतिवेगाबद्दल कर्नाटकात पोलिसांनी तो काढून घेतला. घरी परतल्यावर स्नेही त्याला धीर देतात, “अरे, तो कर्नाटकाचा हुकूम! गोव्यात त्याची कोण वास्तपुस्त करतो?”

हा सल्ला प्रेमाचा खरा, पण घातक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो साऱ्या देशाचा आहे. एका राज्यात मिळालेला परवाना जसा भारतभर चालतो, तसाच अधिकाऱ्याने दिलेला अपात्रतेचा आदेशही सीमेच्या दगडाशी थांबत नाही.

मात्र परवाना जप्त होणे निराळे आणि निलंबित होणे निराळे. अतिवेग, धोकादायक रीतीने वाहन हाकणे, मद्यपान करून चालविणे, हेल्मेटवाचून दुचाकीवर बसणे अशा अपराधांत पोलीस परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे धाडतात. निलंबनाचा अधिकार त्यांचा नव्हे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२२ साली हे स्पष्ट केले आहे. परवाना अधिकाऱ्यानेही चालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. त्यानंतर तो चालकाला दोषमुक्त करू शकतो, अथवा पहिल्या अपराधास ३ महिने अपात्र ठरवितो. अपराध पुन्हा घडल्यास परवानाच रद्द होतो.

म्हणून चालकाने प्रथम पावती मागून घ्यावी व परवाना कोणत्या कार्यालयाकडे जाणार हे तेथेच विचारावे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वरील अपराधांतील पावतीवर वाहन चालविता येत नाही, हे विसरू नये. सुनावणीच्या दिवशी, प्रवासखर्च सोसूनही, हजर राहावे. आदेश लेखी घ्यावा. तो अन्यायाचा वाटल्यास, हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करता येते. पुष्कळांचा हक्क बुडतो तो कायद्यामुळे नव्हे, तर हे दिवस हातचे गेल्यामुळे.

काही जण मूळ गोष्ट लपवून आपल्या राज्यात दुसरा परवाना काढू पाहतात. एका व्यक्तीला दोन परवाने बाळगण्यास कायद्याची मनाई आहे. अपात्रतेच्या काळात वाहन चालविणे किंवा नवा परवाना मागणे हाच अपराध असून, त्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्या काळात अपघात घडला, तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्यास आधार मिळतो आणि भरपाईचा भार चालकावर व मालकावर येऊ शकतो.

३ महिन्यांची रोजी बुडणे गरिबाच्या संसाराला जड जाते, यात शंका नाही. या काळात मालकाने गाडीवर दुसरा चालक ठेवावा, पण जुन्या माणसाला माल चढविण्या-उतरविण्याचे, हिशेबाचे काम द्यावे. तेवढ्या आधाराने तो मुदत प्रामाणिकपणे पाळील, आणि ती संपल्यावर चालकांचे उजळणी प्रशिक्षण पूर्ण करून आपला परवाना परत घेऊन उजळ माथ्याने पुन्हा चाकापाशी बसेल.