लढलेल्यांचे नाटक



युद्धाचे नाटक म्हटले की तलवारींचा खणखणाट आणि पल्लेदार स्वगते आपणांस आठवतात. अर्जेंटिनाच्या लोला आरियास या लेखिकेने २०१६ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘माइनफील्ड’ या नाटकात तसले काही नाही. फॉकलंड बेटांसाठी १९८२ साली ब्रिटन व अर्जेंटिना ७४ दिवस लढले. अर्जेंटिनाचे ६४९ व ब्रिटनचे २५५ सैनिक कामी आले. त्या युद्धातून परतलेले सहा जण, तीन अर्जेंटिनाचे, दोन ब्रिटिश आणि एक नेपाळचा गुरखा, येथे एकाच रंगमंचावर स्वतःचीच भूमिका करतात.

त्यांतील एक जण बुडालेल्या ‘जनरल बेलग्रानो’ युद्धनौकेवरून वाचला. तिच्यावरचे ३२३ जण गेले. तोच गृहस्थ पुढे बीटल्सची, म्हणजे शत्रूच्याच देशाची, गाणी वाजवू लागला! दुसरा ब्रिटिश सैनिक. एक मरणोन्मुख अर्जेंटिनी त्याच्याशी इंग्रजीत बोलला होता. ती आठवण एका माहितीपटात सांगताना त्याला रडू कोसळले. आणि आपल्या साथीदारांसाठी नव्हे, तर शत्रूसाठी रडलो, ही लाज त्याने कित्येक वर्षे मनात वागविली. नाटकाचे मर्म मला या लाजेत दिसते. कसलेल्या नटालाही ती उसनी आणता येणार नाही.

आपल्या ज्ञातीतील निवृत्त सैनिकांना आपण शालश्रीफळ देतो. बोलू मात्र देत नाही. नाट्यशाखेने पुढील संमेलनापूर्वी त्यांच्यापाशी बसावे, ते सांगतील तेवढेच उतरवून घ्यावे आणि त्यांची तयारी असल्यास भूमिकाही त्यांनाच द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.