ओझरचा छोटा पल्ला

मंडळी, परदेशी निघालेला माणूस बोलतो ते लांबच्या फ्लाइटबद्दल. मला विचाराल, तर खरी मजा ओझर ते दिल्लीच्या छोट्या फ्लाइटमध्ये! आपल्या निफाड तालुक्यातलाच विमानतळ हा, कोड आयएसके. पण धावपट्टी एचएएलची. 1964 मध्ये इथे मिग-21 साठी कारखाना आला, पुढे सुखोई-30 बनायला लागली, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए इथूनच उडालं. म्हणजे खिडकी मिळाली आणि नशीब असलं, तर लढाऊ विमान बघायला मिळणार. फक्त फोन खिशात ठेवायचा. संरक्षणाची जागा आहे, फोटो-व्हिडिओला बंदी.

आता कामाचं. दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या. दोन-तीन हजार वाचवायला तिकिटं वेगळी काढली आणि धुक्यानं ओझरलाच अडकलात (निफाडची थंडी काय सांगायची!), तर पुढची कंपनी हात वर करते. एकच पीएनआर असेल तर पुढच्या विमानात बसवणं त्यांच्याकडे लागतं. बॅगही बहुधा थेट शेवटच्या शहरापर्यंत जाते. तरी काउंटर सोडण्याआधी टॅगवरचा कोड स्वतः वाचा.