बारावीचा वर्ग आठवीपासून

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संस्थेने बारावीच्या मुलांसाठी गणिताचा मोफत वर्ग काढावा, अशी सूचना आलेली आहे. सूचना चांगली आहे; पण मला ती चार वर्षे उशिराची वाटते. का, ते कळावे म्हणून अमेरिकेतल्या एका शाळेची हकीकत सांगतो.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात गारफिल्ड हायस्कूल आहे. तेथील बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतली. १९७४ साली हैमे एस्कलान्ते हे शिक्षक तेथे रुजू झाले. ते मूळचे बोलिव्हियाचे. तिकडे शिक्षक होते, पण अमेरिकेत त्या शिक्षणाला किंमत मिळेना. तेव्हा हॉटेलात काम करून, रात्रीच्या वर्गाला जाऊन ते पुन्हा शिकले.

शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचे कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकून देण्याची 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' ही परीक्षा तिकडे असते. १९७९ साली त्यांची पाच मुले तिला बसली, दोन उत्तीर्ण झाली. १९८२ साली अठराच्या अठरा उत्तीर्ण! परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला. चौदा जणांवर ठपका ठेवला गेला. त्यांपैकी बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही उत्तीर्ण झाले. गरिबाच्या पोराने मार्क मिळवले की आधी संशय येतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

यावर १९८८ साली 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट निघाला. तो पाहून वाटते, एक जिद्दी शिक्षक आला आणि मुले थोडक्यात कलनापर्यंत पोचली. तसे झाले नव्हते. बीजगणित, भूमिती, पुढचे बीजगणित, त्रिकोणमितीसह कलनपूर्व गणित आणि मग कलन, अशा पाच पायऱ्या. वर्षाला एक धरली तर नववीत बीजगणित सुरू करणाऱ्याचे कलन राहूनच जाते. म्हणून एस्कलान्ते यांनी जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग काढले, खालच्या पायऱ्या शिकवणारे शिक्षक बरोबर घेतले. प्राचार्य हेन्री ग्रॅडिलास पाठीशी राहिले. १९८७ साली ऐंशीहून अधिक मुले उत्तीर्ण झाली. १९९१ साली एस्कलान्ते शाळा सोडून गेले आणि पुढे ही संख्या घसरली.

आता आपल्याकडे पाहा. विज्ञान शाखेत गणित घ्यायचे की सोडायचे, हे अकरावीला ठरते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात आठवीत अपूर्णांक आणि वजाचे चिन्ह अडले, तेव्हाच ते ठरलेले असते. अकरावीच्या फॉर्मवर फक्त सही होते. आणि गणित सुटले की इंजिनिअरिंगचा रस्ता जवळपास बंदच.

म्हणून माझी सूचना अशी, की सातवीची परीक्षा संपली की मे महिन्यात, सकाळी ऊन चढण्याआधी दोन तास वर्ग घ्यावा. पहिले पंधरा दिवस फक्त अपूर्णांक आणि चिन्हे. मग बीजगणित. तीच मुले पुढच्या मे महिन्यात पुन्हा बसवावीत, असे सलग चार उन्हाळे. अकरावी-बारावीच्या मुलांनी शिकवायला यावे. त्यांचीही उजळणी होईल. आणि माता-भगिनींनो, त्या दोन तासांत मुलीला पाणी भरायला किंवा धाकट्याला सांभाळायला थांबवू नका. पटावर नाव मुलीचे आणि बाकावर जागा रिकामी, हे मी फार पाहिले आहे.

बारावीचाही वर्ग जरूर काढा. मात्र शिक्षक एकच मिळत असेल, तर तो आठवीच्या मुलांना द्या, एवढी कार्यकारिणीला विनंती करतो.