नियम बदलण्याचा नियम



संस्थेच्या घटनेत सर्वांत दुर्लक्षित कलम असते ते घटनादुरुस्तीचे. मुक्त संगणकप्रणालींच्या जगात मात्र त्याच कलमावर मोठमोठे उपक्रम तरतात किंवा अडतात.

मराठी विकिपीडियाचेच पाहावे. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात चर्चेची जागा ‘चावडी’ आणि मतदान म्हणजे ‘कौल’. हे शब्द थेट गावगाड्यातून आले, हे सुखद आहे. पण २००९ पर्यंत तेथील मजकुराला जीएनयूचा दस्तऐवज-परवाना लागू होता. माहितीपुस्तिकांसाठी रचलेल्या त्या परवान्यानुसार छापील प्रतीला त्याची संपूर्ण संहिता जोडावी लागे. मुरारच्या एखाद्या शिक्षकाने ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचे दोन पानी टिपण छापून वाटायचे म्हटले, तर मागे पाने कायद्याचीच!

बदलावे तर लेखनाचा हक्क ज्याचा त्याचा. असंख्य लेखकांची संमती कोण गोळा करणार? वाट निघाली ती परवान्याची पुढील आवृत्तीही चालेल, या मूळच्याच तरतुदीतून. नोव्हेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नव्या आवृत्तीत स्थलांतराची मुभा दिली, तीही मुदतीपुरती. मग सर्व भाषांतील लेखकांचा कौल घेतला गेला. सुमारे १७ हजार मते पडली, त्यांपैकी तीनचतुर्थांश अनुकूल. जून २००९ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा सुटसुटीत परवाना आला.

लिनक्सच्या गाभ्याला ही सोय नाही. लायनस टॉरवाल्ड्स यांनी तेथे जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्तीच ग्राह्य धरली. २००७ साली तिसरी निघाली, तरी हजारो लेखकांच्या संमतीवाचून बदल अशक्यप्राय. टॉरवाल्ड्स यांना तो नकोच होता, ही गोष्ट वेगळी.