शोकानंतरचे कर्तव्य : पुण्यश्लोक अहिल्याबाई



आईबापांच्या मागे मुलांनी राहावे, हा संसाराचा क्रम होय. तो उलटला म्हणजे उपदेशाचे शब्द पोकळ वाटू लागतात. देह नश्वर आहे हे जिच्या कानांवर बाळपणापासून पडले, तिलाही रिकाम्या अंथरुणापुढे त्या ज्ञानाने तत्काळ स्वस्थता लाभत नाही. अशा वेळी तत्त्वापेक्षा चरित्र अधिक उपयोगी पडते. माळव्यातील मराठी जनांस असे चरित्र दूर शोधावयास नको. ते नर्मदातीरी महेश्वरास घडले आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. त्या सती जावयास निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी त्यांना परावृत्त केले. ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सुनेला चितेपासून मागे फिरविणारा तो वृद्ध त्याच घटकेस आपला एकुलता एक पुत्र गमावून बसला होता. पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या पित्याने सुनेचा हात धरला आणि पुढे तिला राज्यकारभार शिकविला. १७६५ च्या सुमाराच्या पत्रांत तोफखान्याची व दारूगोळ्याची कामे त्याने तिच्यावर सोपविलेली आढळतात.

१७६६ साली मल्हारराव निवर्तले. नातू मालेराव गादीवर आला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच १७६७ साली तोही गेला. त्याचे वर्तन मातेस क्लेशदायक होते, आणि अखेरीस त्याला चित्तभ्रम झाला. आई त्याच्या शय्येपाशी रात्रंदिवस बसून राही, असे जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात नमूद केले आहे. पुढे, मातेनेच पुत्राचा अंत करविला अशी कंडी पिकली. माल्कमने ती निराधार ठरविली. पुत्र सद्गुणी असता तर लोकांनी मातेच्या अश्रूंचा मान राखला असता. वाट चुकलेल्या लेकराचा शोक मात्र तिला एकटीलाच करावा लागला. असा एकाकी शोक आजही कित्येक घरांत मुकाट्याने वाहिला जातो.

दत्तक घेऊन स्वस्थ बसावे, असा सल्ला दरबारातून मिळाला. अहिल्याबाईंनी तो नाकारून राज्याचा भार स्वतः उचलला. सैन्य तुकोजी होळकरांकडे दिले. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, ग्रंथश्रवण, अन्नदान, दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार, आणि रात्री पुन्हा कामकाज, असा क्रम जवळजवळ तीस वर्षे चालला. गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे आणि १७८३ मध्ये सोमनाथाचे मंदिर त्यांनी उभारले. महेश्वरी विणकरांस आश्रय दिला. उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी मिळे, नांगराच्या बैलांसही मिळे. शेतांतील पीक पाखरांसाठी राखून ठेविले जाई. जिचे घर ओस पडले, तिच्या ममतेची मर्यादा अशी पाखरांपर्यंत गेली.

तरीही दैवाने त्यांना सोडले नाही. आधी कन्येचा पुत्र नथ्याबा गेला. मग १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि कन्या मुक्ताबाई सती जावयास निघाली. मातेने नाना परींनी विनविले, पण मल्हाररावांना जे साधले ते तिला साधले नाही. त्या क्रूर रूढीचे समर्थन आज कोणी करणार नाही. त्या मातेनेही तेव्हा आपले सारे बळ कन्येला वाचविण्यासाठीच वेचले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्नास स्पर्श केला नाही, की कोणाशी शब्द काढला नाही. पुढे गेलेल्यांच्या स्मरणार्थ सुंदर वास्तू उभारण्यात त्यांना काही सांत्वन लाभले, असे माल्कम सांगतो. साठी ओलांडलेली ही माता पुन्हा कामाला लागली, आणि १७९५ साली देह ठेवीपर्यंत काम करीत राहिली.

त्या तीन दिवसांच्या मौनास कोणी दुर्बलता म्हणू नये. एवढा श्रद्धावान आणि कर्तबगार जीवही जर कोलमडला, तर सामान्य मातापित्यांनी अश्रूंची लाज का बाळगावी? रडल्याने श्रद्धा उणी होत नाही. त्या कामाने शोक विझला असेही नाही. परंतु लेकरासाठी साठलेल्या मायेला दुसऱ्याच्या दारी जावयास वाट मिळाली. गेलेल्या बाळाच्या नावे एखाद्या विद्यार्थ्याचे पुस्तक यावे, त्याच्या तिथीस एका भुकेल्याचे पान वाढले जावे, एवढ्यानेही ती वाट उघडते.

आणि ज्यांच्या घरी हा प्रसंग आला नाही, त्यांनी मल्हाररावांकडे पाहावे. शेजारच्या दुःखी मातेला बोध करण्याची घाई नको. प्रथम तिच्यापाशी बसावे, तिच्या लेकराचे नाव उच्चारावयास भिऊ नये, आणि वेळ आल्यावर तिच्या हाती एखादे काम विश्वासाने सोपवावे. चितेच्या वाटेवरून परतलेली एक सून पुढे लक्षावधींची आई झाली, त्याच्या मुळाशी एका शोकाकुल पित्याचा असा विश्वास होता.