झाड, पीक आणि पाण्याचा हिशेब

पाऊस पडतो, नदीवाटे समुद्राला मिळतो आणि मेघ होऊन परत येतो, हे जलचक्र आपण शाळेत शिकलो. त्या चित्रात एक घटक बहुधा सुटतो. तो म्हणजे वनस्पती. मुळांनी शोषलेल्या पाण्याचा अल्प अंशच झाड स्वतःपाशी ठेवते. बाकीचे पानांच्या रंध्रांवाटे वाफ होऊन जाते. कर्बवायू आत घ्यावयाचा तर रंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी बाहेर पडते. अन्न तयार करण्याची ही किंमतच होय.

हा व्यवहार गणिताने मांडता येईल काय? १९६९ साली स्यूकुरो मानाबे यांनी आपल्या हवामानाच्या गणितात जमीन म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी मावणारी बादली मानली. ती भरली की उरलेले पाणी वाहून जावयाचे. ती आटत आली की बाष्पीभवन मंदावावयाचे. कल्पना साधी, परंतु फलदायी. तिच्यात झाड मात्र नव्हते, शेतकरीही नव्हता.

ती उणीव पुढील संशोधकांनी भरून काढली. जर्मनीतील पॉट्सडॅम येथे वाढलेल्या 'एलपीजेएमएल' या प्रतिमानात भूभागाचे अर्ध्या अंशाचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येकात वनस्पती वाढते, मरते, पाणी पिते. २००७ साली त्यात भात, मका यांसारखी पिके आणि पाटपाणीही रीतसर आले. आता विचारता येते: वरच्या अंगाला पाटाखालची शेती वाढली, तर खालच्या गावांच्या नदीत किती पाणी उरेल?

उत्तरे नेहमी सरळ नसतात. जंगल तोडले तर पाणी पिणारी झाडे जातात आणि त्या जागचा नदीप्रवाह बहुधा वाढतो. लाभच झाला, असे वाटेल! पण ॲमेझॉनच्या खोऱ्यात जंगलाने सोडलेली वाफच वाऱ्याबरोबर जाऊन दूरवर पुन्हा पाऊस होते. तेथे जंगल गेले तर पावसाचाच झरा आटतो. केवळ जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या प्रतिमानाला पाऊस बाहेरून पुरवावा लागतो. म्हणून त्याची हवामानाच्या गणिताशी सांगड घालणे अगत्याचे ठरते.

शिवाय एवढ्या मोठ्या चौकोनाला एखाद्याची आटलेली विहीर दिसत नाही. पाणी कोठे कमी पडेल, हे गणित सांगेल. ते कोणी सोडावयाचे, हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो आपणच सोडवावयाचा आहे.